मासा कोणाचा, नियम कोणाचा: पाझर तलावावरच्या एका गळ स्पर्धेचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांच्या हद्दीजवळचा हा पाझर तलाव 1972च्या दुष्काळात सुरू झालेल्या कामांतून उभा राहिला. गाव, क्लब आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. स्पर्धेच्या दिवशी मी काट्यावर होतो. मासे मोजायचे, वजन लिहायचं आणि कोणाच्याही बाजूनं बोलायचं नाही, एवढंच माझं काम. सोबत पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं यंत्रही होतं, त्यामुळे पुढचे काही आकडे हाताशी आहेत.

तलावातल्या मासेमारीचा ठेका गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे. संस्था दर पावसाळ्यात कटला, रोहू आणि मृगळ या कार्प जातीच्या माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडते. हे तीनही मासे अशा साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. 1957 साली हिरालाल चौधुरी यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं. आज बीज केंद्रांतून मिळणारी बोटुकली त्याच वाटेनं आलेली आहे. अपवाद फक्त सिप्रिनसचा, म्हणजे कॉमन कार्पचा. तो परदेशातून आणलेला आणि काठच्या गवतावर आपापली वीण लावणारा. बाकी तलावातल्या प्रत्येक रोहूमागे कोणीतरी पैसे मोजलेले असतात. हे लक्षात न घेता पुढची भांडणं समजत नाहीत.

शहरातल्या हौशी गळकऱ्यांचा क्लब काही वर्षांपासून इथे येत होता. दर गळामागे ठरलेली रक्कम संस्थेला द्यायची, मासा पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. तक्रार नव्हती. त्यातूनच एक दिवसाची खुली कार्प स्पर्धा घ्यायची कल्पना निघाली. तारीख ठरली मे महिन्यातली, रविवारची. कारण सरळ होतं: मुलांना सुट्ट्या, सगळ्यांना सवड.

करार आणि नियम

मे म्हणजे संस्थेची सुगी. पाणी तळाशी गेलेलं असतं, जाळं ओढायला सोपं जातं आणि वर्षभर वाढवलेला मासा एका पंधरवड्यात बाजारात जातो. स्पर्धेसाठी संस्थेनं आपलं जाळं आठवडाभर पुढे ढकललं. त्या बदल्यात क्लबनं प्रवेश फीतला ठरलेला हिस्सा दिला आणि लेखी कबूल केलं की पकडलेला प्रत्येक मासा जिवंत तलावात परत जाईल. मासा मेला तर काय, हे त्या कागदात कुठेच नव्हतं.

स्पर्धेचे नियम क्लबनं परदेशातल्या स्पर्धा पाहून बेतले होते. 22 स्पर्धक, चिठ्ठ्या टाकून जागा. प्रत्येकी दोन काठ्या, काठीला एकच गळ. वेळ सकाळी साडेसहा ते दुपारी अडीच. फक्त कार्प जातीचे मासे धरायचे, मरळ किंवा वाम लागली तर सोडायची. पकडलेला मासा कीपनेटमध्ये, म्हणजे काठाशी पाण्यात बुडवून ठेवलेल्या लांब नळीसारख्या जाळीत, शेवटपर्यंत ठेवायचा. अडीचला सगळ्यांचं वजन, मग सुटका. विजेता एकूण वजनावर.

हा शेवटचा नियम कागदावर निरुपद्रवी दिसतो. पण एकूण वजनावर बक्षीस असलं की अर्ध्या किलोचा मृगळसुद्धा कोणी सोडत नाही. तो मृगळ म्हणजे गेल्या पावसाळ्यात सोडलेलं बोटुक, पुढच्या वर्षीचा धंदा.

पहाटे काय दिसलं

शनिवारी संध्याकाळी वळीव कोसळला. जोराचा वारा, गारांसकट पाऊस, मग रात्रभर ढग. रविवारी पहाटे हवा छान गार झाली होती. मंडळी खुशीत होती. चहाच्या टपरीवर सगळ्यांचं एकच म्हणणं, आज मासा तुटून पडणार.

भिंतीच्या पिचिंगपासून, म्हणजे दगडी अस्तरापासून, कोपऱ्यापर्यंत मासे वर आले होते. पाण्याच्या पातळीला तोंड लावून उघडझाप करत होते. नवख्या माणसाला वाटावं, खायला आलेत. संस्थेचे एक जुने सभासद, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, पिचिंगच्या दगडावर उभे राहून बराच वेळ बघत होते. क्लबचे सचिव जवळ आले तेव्हा म्हणाले, “सायेब, आज पाण्यात दम न्हाई. तुमच्या त्या पिशवीत मासा दुपारपतूर टिकायचा न्हाई.”

यंत्र तेच सांगत होतं. सहाच्या सुमाराला काठाजवळ फूटभर खोलीवर ऑक्सिजन लिटरला 2.6 मिलिग्रॅम भरला. कार्प निवांत राहायला 5च्या वर लागतो, 3च्या खाली गेला की मासा तणावात येतो. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून तो खातात, त्यामुळे पहाट ही नेहमीच सर्वांत वाईट वेळ. त्यात आदल्या दिवशी ढगांमुळे ऊन लवकर गेलं होतं. शिवाय पावसाचं थंड पाणी खाली बसलं आणि तळाचं कुजकं, ऑक्सिजन नसलेलं पाणी घुसळून वर आलं. भरलेल्या तलावात हे खपून जातं. मे महिन्यातल्या आटलेल्या तलावात नाही.

गरम पाण्याची मुळात धरून ठेवण्याची ताकदच कमी असते. 20 अंशांना लिटरमध्ये जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसात. आणि नेमक्या त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते.

समोर कोणते पर्याय होते

क्लबचे अध्यक्ष, सचिव आणि एक ज्येष्ठ सभासद असे तिघे जीपच्या बॉनेटवर नियमांचा कागद ठेवून बोलत होते. थोड्या वेळानं संस्थेचे चेअरमनही आले.

स्पर्धा पुढे ढकलावी, हे पहिल्यांदा निघालं आणि पहिल्यांदाच बाजूला पडलं. मुंबईहून, कोल्हापुरातून माणसं रात्रीचा प्रवास करून आली होती. मंडप पडला होता, मिसळीच्या तर्रीचा डेग चुलीवर होता. तारीख बदलली तर संस्थेचं जाळं आणखी लांबणार, हाही प्रश्न होताच.

दुसरा पर्याय उशिरा सुरुवात करण्याचा. ऊन चढलं की शेवाळ कामाला लागतं, दहापर्यंत पाणी सुधारेल. हे बरोबर होतं, पण मोकळ्या पाण्यापुरतं. गुडघाभर संथ पाण्यात, एका जाळीत वीस-पंचवीस किलो मासा कोंबल्यावर जाळीच्या आतलं पाणी वेगळंच असतं.

तिसरा पर्याय मी मांडला नाही, कारण ते माझं काम नव्हतं, पण ज्येष्ठ सभासदानं मांडला: कीपनेट रद्द करा, मासा लागला की जागेवर वजन आणि लगेच सुटका. अडचण माणसांची आणि काट्यांची. ताणकाटे दोन, मोजणारे आम्ही तिघे, आणि तलावाचा काठ चालत जायला वीस मिनिटं.

चौथा पर्याय चेअरमनचा. ते म्हणाले, “सोडायचाच कशाला? किलोच्या वरचा मासा मोजून आमच्या ताब्यात द्या. मी बर्फ मागवतो, दुपारी गाडी लावतो. पुढच्या आठवड्यात आम्ही तोच काढणार हाय. बारका तेवढा लगेच सोडा.”

माझ्या मते त्या सकाळचा हा सर्वांत शहाणा प्रस्ताव होता आणि तो मासे ज्यांचे होते त्यांच्याकडून आला होता. क्लबनं तो दोन मिनिटांत नाकारला. ‘पकडा आणि सोडा’ हे क्लबचं ब्रीद, फलकावर छापलेलं. मासे बर्फात भरतानाचे फोटो बाहेर गेले तर काय म्हणतील लोक? पण लढून दमलेला मासा ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात सोडला की तो पोहत जातो, नजरेआड होतो आणि दुसऱ्या दिवशी तरंगतो. झुंजीत साठलेलं आम्ल अंगातून जायला त्याला जादा ऑक्सिजन लागतो, आणि तोच तिथे नसतो. अशा पाण्यात सोडण्याचं पुण्य फोटोपुरतंच.

ठरलं ते असं: एक तास उशिरा सुरुवात, नियम आहेत तेच, फक्त कीपनेट कमरेइतक्या पाण्यात लावाव्यात अशी विनंती. अध्यक्षांचं म्हणणं होतं की छापलेला नियम ऐन वेळी बदलायचा अधिकार कोणालाच दिलेला नाही. ते खरंच होतं. कागदावर पंच होते, पण पंचांनी फक्त नियम पाळले जातात की नाही हे बघायचं होतं.

साडेसात ते साडेदहा

पहिला दीड तास गळ कोरडेच. तोंड वर काढलेला मासा खात नाही, त्याला श्वासाची पडलेली असते. स्पर्धकांनी मात्र चाऱ्याचा मारा वाढवला. पेंड, भाजलेला कोंडा, ब्रेडचा चुरा. मुंबईचे एक काका, पवईच्या तलावावर उभं आयुष्य गळ टाकलेले, मांडीवर टॉवेल पसरून त्याखाली स्टीलच्या डब्यात कणीक मळत होते. भाजलेल्या मेथीचा आणि हिंगाचा वास शेजारच्या तीन जागांपर्यंत येत होता, पण डब्यात काय काय आहे ते शेजाऱ्याला दिसू नये म्हणून टॉवेल. वास लपत नाही हे त्यांना कोण सांगणार.

नऊच्या सुमाराला वारा सुटला आणि फ्लोट, म्हणजे गळाच्या दोरीवरचे तरंगते खुणेचे तुकडे, बुडायला लागले. आधी मृगळ, तळाचा मासा. मग रोहू. काकांना साडेचार किलोचा कटला लागला. कटला वरच्या थरात चरतो, त्यामुळे फ्लोट दोन हातांवर बांधलेल्यांनाच तो मिळत होता. दहापर्यंत बहुतेकांच्या जाळ्यांत काही ना काही होतं, सांडव्याजवळच्या तीन जागांवर तर पंधरा-पंधरा किलोंच्या पुढे.

दहाला मी यंत्र घेऊन फिरलो. मोकळ्या पाण्यात 4.1. सांडव्याजवळच्या एका कीपनेटच्या आत 2.2. बहुतेकांनी जाळी कमरेइतक्या पाण्यात लावलीच नव्हती, कारण तिथे तळाला पायाची पोटरी बुडेल एवढा गाळ. त्याच जाळीत पहिला कटला उलटा झालेला दिसला. त्याच्या शेजारी एक चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, पूर्ण मेलेला, अंगावरचे खवले जाळीच्या दोऱ्यांना चिकटलेले. चंदेरा मुळातच नाजूक, जाळीत आपटून आपटून स्वतःला संपवतो.

अण्णा तिथेच होते. काही बोलले नाहीत. फोन काढून चेअरमनना लावला.

नियम बदलला तो क्षण

पुढची पंधरा मिनिटं तापली. चेअरमननी सरळ सांगितलं की जाळ्या आत्ता रिकाम्या करा, नाहीतर स्पर्धा थांबवा, तलाव आमचा आहे. अध्यक्षांनी साडेदहाला शिट्टी वाजवून काठ्या वर घ्यायला लावल्या आणि जाहीर केलं: प्रत्येक जागेवर जाऊन जाळीतल्या माशांचं वजन होईल, मासे लगेच सोडले जातील, त्यानंतर लागणारा प्रत्येक मासा जागेवरच मोजून सोडायचा.

विरोध दोन दिशांनी झाला. एका स्पर्धकानं सकाळपासून बारके मासे मुद्दाम सोडून दिले होते, जाळीत गर्दी नको म्हणून. नियम आधीच असा असता तर ते त्यानंही मोजून घेतले असते. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि त्याला देण्यासारखं उत्तरही कोणाकडे नव्हतं. दुसरा प्रश्न मेलेल्या माशांचा. त्यांचं वजन धरायचं का? नियम गप्प होता. समितीनं धरायचं ठरवलं. संस्थेच्या तरुण सभासदांचा भडका उडाला: मासा मारायचा आणि वर बक्षीस घ्यायचं?

त्यांचा राग समजण्यासारखा होता, तरी त्या दिवसापुरता समितीचा निर्णय मला पटतो. आधी न सांगितलेली शिक्षा मागाहून लावली असती तर पुढच्या माणसानं मेलेला मासा गपचूप झुडपात टाकला असता आणि मग कितींचं नुकसान झालं हेही कळलं नसतं.

काट्यांचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. मंडपात सामान विकायला बसलेल्या दुकानदाराकडे टांगायचे डिजिटल काटे होते. त्यानं चार पाकिटं फोडून दिली. गावातल्या किराणा दुकानातून शिक्क्याचं 5 किलोचं वजन आणून प्रत्येक काट्यावर लावलं. दोन काटे बरोबर निघाले, दोन सत्तर-ऐंशी ग्रॅम जास्त दाखवत होते. तसं त्यांच्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं. मासा ओल्या झोळीत घालायचा, रिकाम्या ओल्या झोळीचं वजन वजा करायचं, शेजारच्या जागेवरच्या स्पर्धकाची चिठ्ठीवर सही घ्यायची. शेजारी हाच प्रतिस्पर्धी, त्यामुळे दहा ग्रॅमसुद्धा इकडचे तिकडे झाले नाहीत.

बारा ते दीडमध्ये चावा इतका वाढला की मोजणारे पुरेनात. मासा लँडिंग नेटमध्ये, म्हणजे दांड्याच्या हातजाळीत, पाण्यातच धरून स्पर्धक दहा-दहा मिनिटं हाका मारत उभे. तरी कीपनेटमध्ये तासन्तास कोंडण्यापेक्षा ही दहा मिनिटं पुष्कळ बरी. आणि तोपर्यंत पाण्यातला ऑक्सिजन साडेपाचच्या वर गेला होता.

निकाल

एकूण वजन 190 किलोंच्या आसपास भरलं. जाळ्या रिकाम्या करताना 11 मासे मेलेले निघाले, त्यांत सहा कटला. नियम बदलल्यानंतर काट्यावर एकही मासा मेला नाही. मेलेले संस्थेनं ताब्यात घेऊन दुपारीच गावात विकले, अर्थात पडत्या भावानं.

पहिला नंबर निर्विवाद होता. दुसऱ्या आणि तिसऱ्यात 130 ग्रॅमचा फरक, आणि दोघांचे मासे वेगवेगळ्या काट्यांवर गेलेले. काट्यांची चूक वजा करूनही झोळीत राहणाऱ्या पाण्याचा भरवसा नव्हता. बक्षीस वाटून दिलं. दोघांनी मुकाट्यानं घेतलं.

खरा हिशेब मंगळवारी आला. सोमवारी आणि मंगळवारी मिळून भिंतीजवळ आणि वाऱ्यानं साठलेल्या कोपऱ्यात आणखी 17 मासे तरंगले. हे विकण्याच्या लायकीचे नव्हते. संस्थेनं नुकसानभरपाई मागितली. क्लबनं रविवारच्या 11 माशांचा बाजारभाव आणि मिळालेली किंमत यांतला फरक लगेच भरला, पण नंतरच्या 17 बद्दल हात आखडला. ते स्पर्धेमुळे मेले की वळवामुळे, कशावरून ठरवायचं? पहाटे सगळा तलावच तोंड वर काढून उभा होता, हे क्लबचं म्हणणं. वळवानं मासे मेले असते तर गळाच्या जखमा नसलेलेही तरंगले असते, हे संस्थेचं. अण्णांनी 17 पैकी बहुतेकांच्या ओठांना भोकं असल्याचं दाखवलं होतं. माझा कौल संस्थेकडे आहे. शेवटी अर्ध्यावर तडजोड झाली.

कुठे वेगळं वागता आलं असतं

सगळं खापर वळवावर फोडता येईल, पण मे महिन्यात वळीव येणार हे काही आश्चर्य नाही. पहिला चुकलेला निर्णय तारखेचा. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी, पाणी भरपूर आणि त्याचं तापमान पंचवीस अंशांच्या अलीकडे-पलीकडे, तेव्हा कार्प खातोही आणि टिकतोही. ऐन थंडीत चावा मंदावतो, एवढीच अडचण.

दुसरी जागा सकाळी सहाची. तेव्हा समितीपुढे माहिती पुरेशी होती: अण्णांचा अनुभव आणि यंत्राचा आकडा दोन्ही एकच सांगत होते. कमी होता तो अधिकार. साडेदहाला जो बदल ओरडाआरडीत झाला तोच सहाला झाला असता तर दुकानदाराचे काटे तेव्हाही मंडपातच होते, आणि बारके मासे सोडून देणाऱ्या स्पर्धकावर अन्यायही झाला नसता. उशिरा सुरुवात करून आपण काहीतरी केलं असं समितीला वाटलं आणि मूळ प्रश्न, जाळीत मासा कोंडून ठेवण्याचा, तसाच राहिला.

एकूण वजनाऐवजी सर्वांत मोठे पाच मासे धरले असते तर अर्ध्या किलोच्या मृगळांना कोणी हातही लावला नसता. यावर क्लबमध्ये अजून एकमत नाही. जुन्या मंडळींना एकूण वजनातच खरं कसब दिसतं, आणि त्यांच्या बाजूनंही बोलता येईल: पाच माशांच्या स्पर्धेत एक नशिबाचा कटला निकाल फिरवतो.

नंतर

पुढची स्पर्धा फेब्रुवारीत घ्यायचं ठरलं. नव्या करारात तीन गोष्टी आल्या. कीपनेट बंद. सूर्योदयाला काठाजवळ ऑक्सिजन 4च्या खाली असेल तर सुरुवात नाही, आणि दहापर्यंत वर गेला नाही तर स्पर्धा रद्द, फी परत. मेलेल्या माशाचं वजन शून्य धरायचं आणि पैसे मात्र पूर्ण भरायचे. दोन दिवसांत तरंगलेल्या माशांपैकी ओठाला जखम असलेलेच मोजायचे, तेही दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर.

थांबवण्याचा अधिकार कोणाकडे, यावर सर्वांत जास्त वेळ गेला. क्लबला आपला पंच हवा होता, संस्थेला आपला माणूस. शेवटी दोघांपैकी कोणीही एकानं सांगितलं की काठ्या वर, असं लिहिलं गेलं. संस्थेच्या वतीनं अण्णांचं नाव आहे.

संस्थेच्या तरुणांनी आता स्वतः स्पर्धेत उतरण्यासाठी अर्ज केलेत. तलावाचा तळ पाठ असलेल्यांशी आपण काय लढणार, अशी कुरकुर क्लबमध्ये सुरू आहे. त्यावर निर्णय झालेला नाही.